‘शेतकऱ्याचे नाव’ सापडत नाही

गेल्या उन्हाळ कांद्याच्या हंगामात माझ्या पुतणीने वडिलांच्या हिशेबासाठी पायथन या भाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली. माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात कांद्याचा व्यापार करतो आणि मुलगी नाशिकला कॉलेज रोडवर राहून संगणकशास्त्र शिकते. लिलावानंतर शेतकऱ्याच्या हाती जी हिशेबपट्टी पडते, तिच्यातील वजन, भाव, हमाली, तोलाई हे सारे त्यांचे दिवाणजी एक्सेलच्या तक्त्यात भरतात. तो तक्ता सीएसव्ही फाइल म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर म्हणून साठवायचा, पायथनने तो वाचायचा आणि शेतकरीनिहाय बेरीज काढायची, एवढेच काम होते. आज्ञावली सुरू होताच थांबली आणि तिने तक्रार नोंदवली: ‘की-एरर: शेतकऱ्याचे नाव’. याचा अर्थ, या नावाचा रकाना फाइलमध्ये नाही. पुतणीने फाइल उघडून पाहिली, तर दुसऱ्या क्रमांकाच्या रकान्याच्या डोक्यावर ‘शेतकऱ्याचे नाव’ हे शब्द स्वच्छ दिसत होते. तिने ते पुन्हा टंकले, मागेपुढे मोकळी जागा राहिली आहे का ते तपासले, संगणक बंद करून पुन्हा चालू केला, आणि अर्धा दिवस गेल्यावर मला फोन केला.

मी तिला दोन्ही नावांची लांबी मोजायला सांगितली. तिने आज्ञावलीत टंकलेल्या नावाची लांबी १४ भरली आणि फाइलमधून वाचलेल्या नावाची १५. डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन नावांत एका चिन्हाचा फरक होता, आणि ते चिन्ह अदृश्य होते.

हे चिन्ह कोठून आले, हे समजून घेण्यासाठी मराठीच्या एका खास अक्षराकडे पाहावे लागते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात रफार आहे आणि दुसऱ्यात अर्ध्या र ची आडवी, पापणीसारखी रेघ. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ही रेघ मिळवण्याची रूढ रीत म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडणे. मात्र साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचे शून्य रुंदीचे चिन्ह टाकले तरी पडद्यावर हुबेहूब तीच रेघ उमटते. दिवाणजींच्या कळफलकाने दुसरी रीत वापरली होती आणि पुतणीच्या कळफलकाने पहिली. माणूस आकार वाचतो, तर संगणक फक्त क्रमांक जुळवतो. त्यामुळे आपल्याला एकच वाटणारे नाव त्याच्या लेखी दोन निराळी नावे होती. पायथनमध्ये युनिकोडचा मजकूर एकसारखा करून घेण्याची सोय आहे आणि ‘र’ला खाली नुक्ता देऊन ‘ऱ’ बनवला असेल तर ती कामाला येते, परंतु शून्य रुंदीच्या चिन्हाची रीत युनिकोडने समतुल्य मानलेली नसल्याने तिथे तिचा उपयोग होत नाही. ते तीन चिन्हांचे गाठोडे शोधून हातानेच बदलावे लागते.

पायथनसारख्या स्क्रिप्ट-भाषा शिकणाऱ्यांच्या अडचणी मी बरीच वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हीच तफावत असते: पडद्यावर दिसते एक आणि संगणकाच्या स्मृतीत असते दुसरे. पायथनमध्ये ‘प्रिंट’ ही आज्ञा मजकूर माणसासाठी सजवून दाखवते, तर ‘रेप्र’ ही आज्ञा तो जसा आहे तसा, अवतरणचिन्हांसह आणि अदृश्य चिन्हांच्या सांकेतिक क्रमांकांसह, उघडा करते. पुतणीने रकान्यांची नावे रेप्रमधून पाहिली, तेव्हा ‘र्’ आणि ‘या’ यांच्यामध्ये ‘यू२००डी’ अशी खूण उमटली. त्याच वेळी पहिल्या रकान्यातील ‘तारीख’ या शब्दाच्या आधी ‘यूएफईएफएफ’ अशी आणखी एक खूण दिसली, जिच्याबद्दल तिने अजून तक्रारही केलेली नव्हती. एक्सेल ‘यूटीएफ-८’ पद्धतीने सीएसव्ही साठवते तेव्हा फाइलच्या अगदी आरंभी तीन बाइट्सची (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे छोटे एकक) एक ओळखखूण लिहून ठेवते. साध्या रीतीने फाइल उघडल्यास ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि उद्या ‘तारीख’ही सापडेनाशी होते. फाइल उघडताना संकेतपद्धती म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ असे लिहिले की ही खूण गाळली जाते.

संकेतपद्धती मुळीच सांगितली नाही, तर काय घडते हे नाशिक जिल्ह्यातील गावांच्या नावांवर फार छान दिसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते. ‘नाशिक’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पायथन त्यात पाच चिन्हे मोजतो आणि फाइलमध्ये तो १५ बाइट्स व्यापतो. विंडोजवर पायथन बऱ्याचदा असे गृहीत धरतो की फाइल पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या १२५२ क्रमांकाच्या जुन्या संकेतपद्धतीत आहे, आणि त्या पद्धतीत एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्यामुळे ‘नाशिक’, ‘निफाड’, ‘येवला’ ही नावे टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा कचरा होऊन निमूटपणे आत येतात, पण ‘सिन्नर’ येताच आज्ञावली कोसळते. कारण हलन्ताचा तिसरा बाइट, म्हणजे षोडशमान पद्धतीतील ८डी, त्या जुन्या तक्त्यात रिकामा ठेवलेला आहे. एखादा विद्यार्थी मग ‘सिन्नरच्या ओळीत काहीतरी घाण आहे’ असे म्हणून ती ओळच उडवतो. खरे तर सिन्नरच्या ओळीने त्याच्यावर उपकार केलेले असतात. बिघाड नाशिकच्या ओळीतही तेवढाच होता, फक्त ती बोलली नाही.

न बोलणाऱ्या चुका सर्वांत महागात पडतात, असे माझे मत आहे. पुतणीच्या आज्ञावलीने दुसऱ्या दिवशी त्या आठवड्याचा सर्वाधिक भाव ९५० रुपये क्विंटल असा काढला, आणि तक्त्यात तर १४५० चा भाव डोळ्यांसमोर होता. कुठेही त्रुटीसंदेश नव्हता. सीएसव्ही फाइलमधून पायथनच्या साध्या वाचकाने उचललेली प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणजे ‘स्ट्रिंग’ असते. ती आकड्यासारखी दिसली तरी आकडा नसते. मजकुराची तुलना शब्दकोशाच्या क्रमाने, पहिल्या अक्षरापासून होते, आणि ९ हे चिन्ह १ च्या नंतर येत असल्याने ‘९५०’ हे ‘१४५०’ पेक्षा मोठे ठरते. याच कारणाने ‘१२’ आणि ‘३०’ यांची बेरीज ‘१२३०’ होते, आणि ‘१२’ या मजकुराला ३ या आकड्याने गुणले की ३६ ऐवजी ‘१२१२१२’ मिळते. जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत तर आणखी मौज आहे: तिथे ‘५’ आणि ‘२’ या दोन मजकुरांची बेरीज ‘५२’ होते आणि गुणाकार मात्र मुकाट्याने १० येतो. पायथन असा गुणाकार करायला ठाम नकार देऊन टाइप-एरर देतो, आणि मला तोच स्वभाव अधिक भरवशाचा वाटतो.

उपाय सोपा आहे, आकडे आत घेतानाच त्यांचे रूपांतर करावे. इथे मराठी वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगायला हवी. पायथनची ‘इंट’ ही आज्ञा देवनागरी अंकांतील ‘१४५०’ देखील विनातक्रार समजून घेते, कारण युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अंकाबरोबर त्याची किंमत नोंदलेली आहे. जावास्क्रिप्टची तशीच आज्ञा मात्र ‘हा आकडाच नव्हे’ असे उत्तर देते. स्वल्पविरामापुढे मात्र पायथनही हात टेकतो. ‘१,४५०’ दिले की व्हॅल्यू-एरर येतो, म्हणून रूपांतराच्या आधी स्वल्पविराम काढून टाकावे लागतात.

पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवली, आणि सोपेपणा हे तिचे बलस्थान मानले जाते. या सोपेपणाची एक किंमत आहे. काही भाषांमध्ये आज्ञावली चालण्यापूर्वीच सगळ्या ओळी तपासून कोणत्या नावात कोणत्या प्रकारची वस्तू आहे याची खातरजमा होते. पायथन फक्त वाक्यरचना आधी पाहतो. बाकीची चूक ती ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हाच बाहेर पडते. लिलाव होऊनही परत नेलेल्या मालासाठी पुतणीने एक वेगळी शाखा लिहिली होती आणि तिच्यात एका नावाचे स्पेलिंग चुकले होते. पहिले तीन आठवडे कोणीच माल परत नेला नाही, म्हणून तीन आठवडे आज्ञावली निर्दोष होती.

चूक बाहेर पडली की ‘ट्रेसबॅक’ नावाचा लांबलचक मजकूर येतो आणि नवशिके तो पाहूनच गांगरतात. तो खालून वर वाचायचा असतो. शेवटच्या ओळीत त्रुटीचा प्रकार आणि कारण असते. तिच्या वर, कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर गाडी थांबली ते. आणि त्याच्याही वर, त्या ओळीला कोणी बोलावले, त्याला कोणी, अशी साखळी. गाडी जिथे थांबली तिथेच खड्डा असतो असे मात्र नाही. मिटवायचा राहिलेला कंस दहाव्या ओळीत असतो आणि पायथनच्या जुन्या आवृत्त्या अकराव्या ओळीकडे बोट दाखवत. २०२१ च्या ३.१० या आवृत्तीपासून ‘हा कंस बंदच केलेला नाही’ असे तो नेमके सांगू लागला.

व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून आज्ञावली उचलून चिकटवणाऱ्यांना आणखी एक ताप होतो. तिथली अवतरणचिन्हे वाकडी, छापील वळणाची झालेली असतात आणि पायथनला फक्त सरळ चिन्हे चालतात. ओळीच्या आरंभीची मोकळी जागाही कधी कधी साध्या स्पेसची नसून न तुटणाऱ्या स्पेसची असते. तीच गत फाइलच्या नावाची. सरावासाठी म्हणून आपल्या फाइलला ‘सीएसव्ही डॉट पीवाय’ असे नाव दिले, की पायथन सीएसव्हीचे मूळ साधन सोडून आपलीच फाइल आयात करतो आणि त्यात काहीच सापडत नाही म्हणून ओरडतो.

संदेश नसेल आणि उत्तर मात्र चुकत असेल, तर निम्मे-निम्मे करत जाणे ही जुनी युक्ती अजूनही सर्वांत वेगवान आहे. ४००० ओळींच्या तक्त्यातील एक ओळ बेरीज बिघडवत असेल, तर पहिल्या २००० ओळींची बेरीज हाताच्या हिशेबाशी ताडून पाहायची. जुळली तर दोष उरलेल्या निम्म्यात. अशा १२ पायऱ्यांत नेमकी ओळ हाती लागते, कारण २ चा १२ वा घात ४०९६ आहे. याउलट, काही जण कंटाळून ‘चूक आली तर सोडून दे’ अशा अर्थाच्या दोन ओळी सगळ्या आज्ञावलीभोवती गुंडाळतात. हा बिचाऱ्या आज्ञावलीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे, आणि पुढे बुक्के आपल्यालाच बसतात.

पुतणीचा हिशेब यानंतर जवळजवळ जुळला. फक्त वडिलांच्या वहीत काही शेतकऱ्यांच्या नावावर एक रुपया जास्त होता. तिने लगेच दशांशांवर संशय घेतला, आणि तो अगदीच अस्थानी नव्हता. एक तृतीयांश लिहिताना आपल्याला जसे ०.३३३ असे न संपणारे आकडे लागतात, तसेच एक दशांश द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिताना संगणकाला लागतात. १९८५ मध्ये ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाच्या ६४ बिटांच्या रूपात ५३ सार्थ बिटांनंतर ते तोडावे लागतात. म्हणून पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, आणि ती ०.३ बरोबर आहे का असे विचारल्यास उत्तर नकारार्थी मिळते.

पण इथे दोष त्याचा नव्हता. आम्ही एक पट्टी उघडून बसलो: ४१७ किलो माल, भाव १४५० रुपये क्विंटल. ४१७ गुणिले १४५० भागिले १०० बरोबर ६०४६.५०, अगदी नेमके, कारण अर्धा ही संख्या द्विमान पद्धतीतही पूर्ण लिहिता येते. वहीत ६०४७ होते आणि आज्ञावलीत ६०४६. पायथनची ‘राउंड’ ही आज्ञा बरोबर अर्धा उरला तर जवळच्या सम संख्येकडे जाते, २.५ चे ती २ करते आणि ३.५ चे ४. लाखो आकड्यांच्या बेरजेत सतत वरच ढकलल्याने येणारा कल टाळण्यासाठी ही रीत मुद्दाम निवडलेली आहे, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती रास्तच आहे. मावसभावाला हे सारे समजावून सांगितल्यावर त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला की, त्याच्या वडिलांपासून पन्नास पैसे शेतकऱ्याच्या बाजूने मोजायची रीत आहे. पुतणीने ‘डेसिमल’ हे साधन आयात केले, त्यात अर्ध्याला नेहमी वर नेण्याचा नियम निवडला आणि पट्टी पुन्हा छापली. ६०४७.