वाट दाखवली गूगलने, चालले दुसरेच

"या मोठ्या टेक कंपन्या आता नवीन काही करतच नाहीत, दरवर्षी तोच फोन नवा कॅमेरा लावून विकतात" असं सगळेच म्हणतात, मीही म्हणायचो. पण चॅटजीपीटीतला शेवटचा 'टी' कुठून आला हे वाचलं आणि माझं मत बदललं. शोध लागतात, अगदी या कंपन्यांच्या आतच लागतात, गाडी अडते ती त्याच्या पुढे.

टी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कॉम्प्युटरला भाषा समजावी म्हणून काढलेली एक पद्धत. २०१७ साली गूगलमध्ये काम करणाऱ्या आठ जणांनी ती मांडणारा पेपर लिहिला (त्यातल्या निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या), आणि तेव्हा प्रश्न होता मुख्यतः भाषांतराचा.

आता 'वाट' हा शब्द घ्या. 'मी तुझी वाट बघतोय', 'परीक्षेत माझी वाट लागली', 'ही वाट नदीकडे जाते'. शब्द एकच, अर्थ तीन, आणि आपल्याला तो कळतो शेजारच्या 'बघतोय', 'लागली', 'नदीकडे' वरून. आधीची मॉडेल्स, म्हणजे उदाहरणांवरून भाषा शिकणारे प्रोग्राम, वाक्य एकेक शब्द करत पुढे न्यायची, कानगोष्टींच्या खेळासारखं, त्यामुळे वाक्य लांबलं की सुरुवातीचं शेवटपर्यंत धड पोचायचं नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रत्येक शब्द बाकी सगळ्या शब्दांकडे एकदम बघतो आणि कुणाला किती महत्त्व द्यायचं त्याचे आकडे काढतो, म्हणजे इथे 'लागली'ला भरपूर, 'परीक्षेत'ला थोडं कमी, आणि त्या हिशेबात शेजाऱ्यांचा अर्थ 'वाट'मध्ये मिसळतो. हे आकडे कुणी हाताने भरत नाही, लाखो वाक्यं बघून मॉडेल आपलं आपण शिकतं. शिवाय शब्दांना रांगेत थांबावं लागत नाही, त्यामुळे सगळी गणितं जीपीयूवर, म्हणजे ढीगभर गणितं एकदम करणाऱ्या चिपवर, एकाच वेळी होतात. त्या आठ जणांचं मोठं मॉडेल आठ जीपीयूंवर साडेतीन दिवसांत शिकून तयार झालं होतं! मला तर हे इतकं सुंदर वाटतं की ज्याला त्याला सांगत सुटतो.

मग चॅटजीपीटी गूगलने का नाही काढलं? झोपले नव्हते ते, २०१९ पासून त्यांच्या सर्चमध्ये हेच तंत्र होतं आणि २०२० मध्ये मीना नावाचा चॅटबॉट त्यांनी दाखवलाही, पण लोकांच्या हातात काही दिला नाही. एक भीती होती चुकीच्या उत्तरांची, आणि ती रास्तच आहे. पण माझ्या मते मोठं कारण पैशाचं, कारण त्यांची निम्म्याहून जास्त कमाई सर्चच्या जाहिरातींची, लोक लिंकवर क्लिक करतात म्हणून मिळणारी, आणि थेट उत्तर देणारं मशीन म्हणजे त्या दुभत्या गाईवरच घाव. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयकडे गमावण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी पेपर वाचला, २०१८ मध्ये पहिलं जीपीटी केलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं केलं. २०२३ संपेपर्यंत त्या आठातलं कुणीही गूगलमध्ये उरलं नव्हतं.

हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, चिपमधला वीज चालू-बंद करणारा बारीक भाग) १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मला, ती लॅब अमेरिकेतल्या टेलिफोनची मक्तेदारी असलेल्या एटी अँड टीची. १९५६ मध्ये सरकारशी तडजोड करताना कंपनीला आपली जुनी पेटंट्स फुकट खुली करावी लागली, आणि चिप्सचा धंदा उभा केला तो बाहेरच्यांनी.

उलटं उदाहरणही आहे आणि ते मान्य करायला हवं. गूगलने २०१४ मध्ये विकत घेतलेल्या डीपमाइंडने अल्फाफोल्ड बनवलं, प्रोटीनची साखळी कशी घडी घालते हे ओळखणारं, वीस कोटींवर प्रोटीनचे अंदाजित आकार संशोधकांना फुकट दिले, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल डीपमाइंडच्याच डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळालं. याला इनोव्हेशन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

माझी काळजी वेगळीच आहे. २०१७ च्या पेपरात मॉडेलमध्ये गणिताचे थर किती, डेटा कुठला, जीपीयू किती, सगळं लिहिलेलं होतं, कॉलेजातल्या पोरापोरींनी ते वाचून स्वतः ट्रान्सफॉर्मर बांधले. २०२३ मध्ये ओपनएआयच्या जीपीटी-४ या मॉडेलचा रिपोर्ट आला, पानं चांगली शंभराच्या घरात, आणि त्यात स्पर्धेचं कारण देऊन सांगितलंय की मॉडेल केवढं आहे, कशावर शिकवलं, कुठल्या मशीनवर चालवलं, यातलं काहीच आम्ही देणार नाही.