गोळी बदलली, सॉल्ट तेच

आत्याची दाढ काढली अमळनेरला. डेंटिस्टने पाच दिवसांची ६२५ ची अँटिबायोटिक गोळी लिहून दिली, दोन दिवसांच्या तिथल्याच मेडिकलवरून घेतल्या आणि उरलेल्या मी जन औषधीच्या सरकारी योजनेतल्या दुकानातून आणल्या कारण बऱ्याच स्वस्त पडल्या. आत्याने स्ट्रिप उलटीपालटी करून बघितली न् म्हणे, "हाई ती गोयी नही शे!"

मग दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवून बारीक अक्षरं वाचली. दोन्हीवर सॉल्ट, म्हणजे आतलं मूळ औषध, एकच: अमॉक्सिसिलीन ५०० आणि क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड १२५ मिलिग्रॅम, ५०० अधिक १२५ म्हणून ६२५. अमॉक्सिसिलीन जंतूची भिंत बांधू देत नाही, पण काही जंतू ते औषधच तोडणारं एन्झाइम सोडतात, तर क्लॅव्ह्युलॅनिक स्वतः पुढे होऊन ते एन्झाइम अडकवून ठेवतं. ही जोडी १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ऑगमेंटिन नावाने आली, पेटंट कधीचं संपलंय. म्हणजे मूळ ऑगमेंटिन सोडली तर कुठलीही "कंपनीची" गोळीसुद्धा जेनेरिकच, म्हणजे पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेली, फक्त नाव मोठं छापलेलं!

व्हॉट्सअॅपवर फिरतं की जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी चालतं. साफ चूक. मिलिग्रॅम तेवढेच लागतात. निरोगी माणसांना मूळ ब्रँडची आणि जेनेरिक अशा दोन्ही गोळ्या देऊन रक्तात औषध किती आणि किती वेगाने पोचलं ते मोजतात, आणि ८० ते १२५ टक्के ही मर्यादा गोळीतल्या औषधाला नाही, तर या दोन मोजमापांच्या गुणोत्तराचा जो अंदाजाचा पट्टा गणिताने निघतो त्याला आहे, अख्खा पट्टा आत बसायला हवा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रकाने, अशा २०७० चाचण्या तपासल्या तर रक्तात पोचलेल्या एकूण औषधात सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. आता आपल्याकडे सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही, ही चाचणी बऱ्याच औषधांना २०१७ पासून सक्तीची झाली आणि सरकारी तपासणीत नापास सॅम्पलच्या यादीत नावाजलेले ब्रँडही येतात, स्वस्तवालेच येतात असं नाही.

मधेच ब्रँड बदलला तरी कोर्स पहिल्यापासून सुरू करायचा नसतो, फक्त सॉल्ट, मिलिग्रॅम आणि गोळीचा प्रकार तोच हवा. खरा घोळ वेगळाच होतो, नावं वेगळी म्हणून लोक दोन्ही गोळ्या घेतात, डबल डोस! आणि पेनिसिलीनची अॅलर्जी असेल तर ब्रँड बदलून काही उपयोग नाही, अमॉक्सिसिलीन त्याच घराण्यातलं. तेव्हा सॉल्टचं नाव पाठच पाहिजे भो. जुलाब लागले तर तेही दोन्हीत सारखेच, क्लॅव्ह्युलॅनिकची ती जुनी खोड.

आत्याला पटलं. संध्याकाळी गेलो तर सगळ्या गोळ्या फोडून सुपारीच्या डबीत. आता क्लॅव्ह्युलॅनिकला ओल अजिबात सोसत नाही, ती जाड अॅल्युमिनियमची स्ट्रिप त्याच्याचसाठी असते, आणि हे सांगायचं नेमकं मीच विसरलो होतो.