क्रीटला मुलाबाळांसह जाताना

क्रीटची चौकशी करायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हॉटेल किती स्टारचं? आम्ही उलट विचारतो, मूल किती वर्षांचं? ग्रीसच्या या सर्वांत मोठ्या बेटावर तुमची सुट्टी कशी जाईल हे स्टारपेक्षा हॉटेलपुढच्या पाण्यावर जास्त अवलंबून असतं.

किनारा कोणता

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच. गणपतीपुळ्याला सकाळी दिसलेली पुळण दुपारी पाण्याखाली जाते, तसं इथं होत नाही. सकाळी अंथरलेली सतरंजी संध्याकाळीही जागच्या जागी. पण म्हणून हा समुद्र गरीब आहे असं समजू नका. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर चांगल्याच लाटा उठतात. बहुतेक रिसॉर्ट याच किनाऱ्यावर आहेत. आपल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळे आपण एरवी या वाऱ्याच्या आधीच परतलेले असतो.

मूल पाचच्या आतलं असेल तर आम्ही आल्मिरिदा सुचवतो. छोटंसं गाव, आडोशाची खाडी, बरंच आत जाईपर्यंत उथळ पाणी. हान्या शहराजवळचं आया मरीनाही चालेल. तिथं दुकानं-हॉटेलं जास्त, रात्री थोडा गोंगाटही. मुलं दहाच्या पुढची, पोहणारी असतील तर जॉर्जिउपोली. मैलोन्‌मैल वाळू आणि जवळच गोड्या पाण्याचं कुर्नास तळं. तळ्यात पेडल बोट मारता मारता कासवं दिसतात, आणि मुलं समुद्र विसरतात. मात्र जॉर्जिउपोलीच्या समुद्रात ओढ आहे. लाल झेंडा असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातही मुलांना सोडू नका. पिवळा असेल तर हात धरून.

गुलाबी वाळूचं एलाफोनिसी सगळ्यांनाच बघायचं असतं. बघाच. पण हान्याहून ते सुमारे 75 किलोमीटर आहे आणि रस्ता घाटाचा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि सकाळी सातला निघा. अकरानंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते. आणि वाळू बाटलीत भरून आणू नका, मनाई आहे.

‘समुद्राला लागून’ म्हणजे काय

आमच्या सुरुवातीच्या एका ग्रुपला आम्ही असंच ‘समुद्राला लागून’ हॉटेल दिलं होतं. समुद्र होताही समोरच, पण मधून वाहता डांबरी रस्ता! सात दिवस आजोबा एका हातात नातू आणि दुसऱ्या हातात रबरी ट्यूब घेऊन ट्रॅफिक थांबवत होते. तेव्हापासून बुकिंगआधी आम्ही उपग्रह नकाशा उघडून तुम्हालाच दाखवतो.

खोलीचंही तसंच. ‘मुलं झोपतील आमच्यातच’ हे युरोपात चालत नाही. चारजणांच्या खोलीत पाचवा माणूस, मग ते तान्हं का असेना, आधी कळवावा लागतो. आजी-आजोबा सोबत असतील तर आतून दाराने जोडलेल्या दोन खोल्या घ्या.

एक खर्च पॅकेजमध्ये नसतो. एप्रिल ते ऑक्टोबर हॉटेलात दर खोलीमागे, दर रात्री सरकारी पर्यावरण शुल्क भरावं लागतं: चार स्टारला 10 युरो, पाच स्टारला 15. सात रात्रींचे 70 किंवा 105 युरो वेगळे काढून ठेवा.

कधी जावं

मेच्या मध्याला समुद्राचं पाणी जेमतेम 20 अंश असतं. अलिबागच्या कोमट पाण्याची सवय असलेली मुलं पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. जूनचा पहिला आठवडा बरा. दिवाळीच्या सुट्टीचा विचार असेल तर तो सोडाच. ऑक्टोबर संपता संपता बहुतेक रिसॉर्ट कुलूप लावतात.

ताट आणि न्हाणीघर

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या. त्यात कधी खिमा असतो, विचारून घ्या. ‘निस्तीसिमो’ हा शब्द पाठ करा: त्यांच्या उपवासाचं, मांस-अंडी-दूध नसलेलं जेवण. गंमत अशी की त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकूळ चालतं! जैन मंडळींनी आधी सांगावं, कांदा-लसूण टाळणं तिथं अवघड जातं.

संडासात जेट नसतो. प्लास्टिकचा मग सामानात टाका, कंटाळा करू नका. वापरलेला कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. तिथल्या नळ्या अरुंद असतात.

व्हिसा

ग्रीसला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेला व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना नाही. सेवा शुल्क वेगळं. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र हवं. आणि मुलांचा पासपोर्ट बहुतेक वेळा फक्त पाच वर्षांचा असतो हे पालक हमखास विसरतात. परतीनंतर किमान तीन महिने तो चालू हवा.

भेटायला येताना मुलांचे पासपोर्ट आणि शाळा सुरू होण्याची तारीख घेऊन या. हॉटेलचं नाव आपण त्यानंतर काढू.