भिंतीवरची बाग आधी कुठे सुकते?

उभ्या बागेत पहिलं झाड कुठे सुकणार, हे बाग लावायच्या आधीच सांगता येतं. बहुधा सगळ्यात वरच्या ओळीत, कोपऱ्याला. पाणी खाली ओघळतं आणि वारा वर जास्त लागतो, इतकं साधं कारण. उलट तळाच्या ओळीत वरून आलेलं पाणी आणि खतातले क्षार साचतात, मुळं कुजतात. एकाच भिंतीवर वर दुष्काळ आणि खाली दलदल! म्हणून जाणकार माळी वर कमी पाण्यावर तगणाऱ्या जाती लावतात आणि नेच्यांसारखी ओल मानवणारी झाडं खाली.

कल्पना तशी जुनी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक स्टॅन्ली हार्ट व्हाइट यांना अशा रचनेचं पेटंट 1938 मध्येच मिळालं होतं. ती जगभर लोकप्रिय केली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लाँ यांनी. पावसाळी जंगलात खडकांना आणि झाडांच्या खोडांना धरून वाढणाऱ्या वनस्पती त्यांनी अभ्यासल्या होत्या. त्या मातीवाचून जगतात, कारण मुळांना लागतं ते पाणी, त्यात विरघळलेली खनिजं आणि हवा. माती हे सगळं फक्त धरून ठेवते. ब्लाँ यांनी मातीच्या जागी कृत्रिम नमदा (दाबून केलेलं जाड, पाणी शोषणारं कापड) वापरला आणि भिंतीवरचा भार, सांगाड्यासकट, चौरस मीटरला 30 किलोच्या आत ठेवला. पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयाची हिरवी भिंत त्यांचीच.

मात्र माती गेली की पाण्याचा साठाही जातो. जमिनीतलं झाड चार दिवस पाण्यावाचून काढील. नमद्यावरचं झाड भर उन्हाळ्यात पंप बंद पडल्यावर एका दिवसातही माना टाकू शकतं. त्यामुळे मी तरी या भिंतीला बागेपेक्षा यंत्र समजतो, फक्त ते जिवंत आहे. टायमर, पंप, गाळणी, ठिबकच्या नळ्या हे त्याचे अवयव. पाण्यातल्या चुन्याने ठिबकची तोंडं बुजतात, आणि एक तोंड बुजलं की काही दिवसांत त्याखाली पिवळा पट्टा उमटतो. उंचीचाही हिशेब असतो: दर 10 मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या दाबाइतका, घटतो. म्हणून उंच भिंतीवर दाब सांभाळणारे ड्रिपर लागतात. खाली गोळा झालेलं पाणी पन्हाळीत साचू द्यायचं नाही, नाहीतर डासांची सोय होते. आणि बाग व मूळ भिंत यांच्यामध्ये हवा खेळती हवी, नाहीतर ओल थेट आत उतरते.

एवढा खटाटोप कशासाठी? मुख्य फायदा उष्णतेचा. उन्हात काँक्रीट हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, पण पाणी मिळत असलेलं पान हवेच्या तापमानाच्या आसपासच राहतं. ते उष्णता बाष्पोत्सर्जनात, म्हणजे पाणी वाफेच्या रूपात बाहेर सोडण्यात, खर्च करतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला लागते ती उष्णता 1,000 वॉटचा हीटर 40 मिनिटं चालवल्याइतकी. दमट हवेत हा परिणाम मंदावतो, तरी सावलीचा लाभ उरतोच. त्यामुळे ऊन झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर बाग जास्त उपयोगी. सावलीतल्या किंवा आधीच चांगलं उष्णतारोधन असलेल्या भिंतीवर फरक थोडाच पडतो. आवाजही काहीसा शोषला जातो, पण त्यात पानांपेक्षा मुळांभोवतीच्या सच्छिद्र थराचा वाटा मोठा.

घरातली हवा शुद्ध होते, हा दावा मात्र मी जरा बाजूलाच ठेवतो. त्याचा उगम नासाच्या 1989 च्या अहवालात आहे. ते प्रयोग लहान, बंदिस्त पेट्यांमध्ये झाले होते. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांची आकडेमोड नव्याने झाली. इमारतीत नेहमीच्या वायुवीजनाने जेवढी हवा स्वच्छ होते, तेवढं काम कुंड्यांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटर जमिनीला 10 ते 1,000 झाडं लागतील, असा निष्कर्ष निघाला. खिडकी उघडणं सोपं! घरातल्या बागेची खरी अडचण उजेडाची असते. बाहेर लख्ख ऊन सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) असतं, तर ऑफिसात जेमतेम 500. आपल्या डोळ्यांना ती खोली उजळ वाटते, पानांना मात्र तिथे उपाशी राहावं लागतं.

छाटणी, कीड, मेलेली झाडं बदलणं ही कामं कधीच संपत नाहीत. मिलानच्या ‘बोस्को व्हर्तिकाले’ मनोऱ्यांवर झाडं गच्च्यांमध्ये आहेत, तरी माळ्यांना दोरांना लटकून छाटणी करावी लागते. म्हणून आराखडा आला की मी आधी एकच गोष्ट पाहतो: वरच्या ओळीपर्यंत माणसाचा हात कसा पोचणार? उत्तर नसेल, तर पायथ्याशी जमिनीत वेल लावावा आणि भिंतीपासून थोडं अंतर सोडून तारांवर चढवावा. भिंत झाकायला त्याला काही वर्षं लागतील, पण त्याची मुळं जमिनीत असतील आणि पंप बंद पडला तरी त्याचं काही बिघडणार नाही.