राणीच्या बागेतलं म्युझियम आणि त्याच्याशी बोलणारे आजचे कलाकार

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियममधे जुन्या काचेच्या कपाटांच्या मधेच आजच्या एखाद्या आर्टिस्टचं काम मांडलेलं दिसतं, आणि क्षणभर कळत नाही की जुनं कुठलं नि नवीन कुठलं. हे असं का करतात ते समजायला आधी तो संग्रह मुळात कशासाठी जमला ते बघावं लागतं.

त्याची सुरुवात झाली व्यापारातून. 1850च्या दशकात कंपनी सरकारला मुंबई इलाख्यात काय पिकतं, काय विणलं जातं, लाकूड कुठलं मिळतं ह्याचे नमुने एका जागी हवे होते, ते फोर्टातल्या बराकींमधे ठेवले होते, पण 1857चा उठाव झाला, बराकी सैन्याला लागल्या आणि त्या गडबडीत संग्रहाची पार नासधूस झाली. मग म्युझियमचा इंग्रज क्युरेटर जॉर्ज बर्डवूड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी ह्या मंडळींनी वर्गणी जमवून नवीन इमारतीचा घाट घातला. 1862ला पाया घातला, दारं उघडली 2 मे 1872ला. नाना 1865लाच गेले, त्यांना ती बघायला मिळाली नाही, हे मला दरवेळी चटका लावून जातं.

नंतरच्या काळात इथे मातीची छोटी छोटी माणसं बनवून घेतली गेली. वेगवेगळे धंदे करणारी माणसं, ओळीनं मांडलेली डोकी आणि प्रत्येकावर आपापल्या जातीची पगडी. कारागिरी अप्रतिम आहे, तासभर बघत बसावं अशी. पण कापसाचा नमुना ठेवावा तसा माणसाचाही नमुना ठेवलाय, बिननावाचा, हे एकदा लक्षात आलं की ती कपाटं पहिल्यासारखी दिसत नाहीत.

पुढे इमारतीची दशा झाली. 2003पासून महापालिका, जुन्या वास्तू जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशननी मिळून ती दुरुस्त केली, 2005ला युनेस्कोचा अवॉर्ड मिळाला, 2008ला म्युझियम परत उघडलं आणि मग आजच्या कलाकारांना बोलवायला सुरुवात झाली, संग्रह बघा आणि त्याला तुमच्या कामातून उत्तर द्या म्हणून. 2010ला सुदर्शन शेट्टी, 2011ला जितीश कल्लाट, नंतर अतुल दोडिया आणि बरेच जण.

ह्यातलं कल्लाटांचं प्रदर्शन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी त्या मातीच्या माणसांसारखीच छोटी माणसं केली, पण ही एकमेकांवर धावून जाणारी, मारामारी करणारी, आपल्या रस्त्यावरची गर्दी. म्हणजे कपाटातली माणसं शंभर वर्षं गप्प उभी आणि ही चवताळलेली. शिवाय बांबूच्या परांचीसारखं दिसणारं 120 भागांचं शिल्प होतं, बांबूवर व्हीटी स्टेशनच्या भिंतींवरचे प्राणी कोरलेले. ज्या इमारतीची नुकतीच डागडुजी झाली तिच्यातच परांची!

2013ला रीना कल्लाटांनी तर बाहेरच्या दर्शनी भिंतीवरच रबरी शिक्क्यांचं भलंमोठं कोळ्याचं जाळं टांगलं. त्या शिक्क्यांवर मुंबईच्या रस्त्यांची जुनी, इंग्रजी अमदानीतली, आता बदललेली नावं होती. आणि जाळं टांगलेलं कुठे, तर 1975पर्यंत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणवणाऱ्या आणि त्या वर्षी गोव्यातल्या मांद्र्याहून आलेल्या भाऊंचं नाव मिळालेल्या वास्तूवर.