बिलाचे पैसे अडकलेत आणि सोलर टाकायचाय? मग आधी ट्रेड्सवर रजिस्टर व्हा

कुपवाड, मिरज, पलूस, सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही एमआयडीसीत विचारा, जुना कंप्रेसर बदलायचाय, शेडवर सोलर टाकायचाय, मनात सगळ्यांच्या आहे पण पैसे मोठ्या कंपनीच्या बिलात अडकलेले. वरनं आता त्याच कंपन्या सप्लायरला विचारायला लागल्यात की तुमची वीज किती जाते, सोलर आहे का, कारण सेबीनं टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर रिपोर्ट (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा हिशेब) सक्तीचा केलाय. ग्रीन व्हा म्हणणारा तोच आणि पैसे लटकवणारा पण तोच! म्हणून नव्या कर्जाच्या मागं लागायच्या आधी ट्रेड्सवर रजिस्टर होऊन अडकलेले पैसे मोकळे करून घ्या असं माझं मत.

ट्रेड्स म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालणारे ऑनलाइन प्लॅटफॉर्म, उदा. आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट. तुमचं बिल तिथं चढवायचं, कंपनीनं ते मान्य केलं की बँका त्यावर व्याजाची बोली लावतात, तुम्हाला पटेल ती घ्यायची आणि साधारण दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात. समजा १० लाखाचं बिल, ४५ दिवस बाकी, दर ९ टक्के धरला तर व्याज ११ हजाराच्या आसपास. आणि कंपनीनं नंतर पैसे बुडवले तरी बँक तुमच्या मागं लागत नाही, हे सगळ्यात भारी.

पात्रता सोपी आहे, उद्यम नोंदणी पाहिजे. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्यात, लघु म्हणजे गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटीपर्यंत, मध्यमला १२५ आणि ५००. उद्यम फुकट निघतं, आधार आणि पॅनवर, एजंटला पैसे देऊ नका.

कागदपत्रं म्हणाल तर उद्यम सर्टिफिकेट, पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, कॅन्सल चेक, सही करणाऱ्याचं केवायसी, भागीदारी असेल तर डीड आणि सगळ्या भागीदारांचं अधिकारपत्र, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर बोर्ड रिझोल्युशन. फर्मचं नाव सगळीकडं एकसारखं आहे का बघा, पॅनवर ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ आणि बँकेत नुसतं ‘इंजिनिअरिंग’ असलं की केवायसी तिथंच लटकतं.

आता खरी मेख. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर यायची सक्ती होती, पण खाजगी कंपनीनं तुमचं प्रत्येक बिल तिथं मान्य करावं अशी सक्ती नाही, त्यामुळं आधी त्यांच्या अकाउंट्सवाल्याला फोन करून कुठल्या प्लॅटफॉर्मवर आहात ते विचारा आणि तिथंच रजिस्टर व्हा. तुमचं सीसी (कॅश क्रेडिट) खातं असेल तर बँकेच्या मॅनेजरला आधी सांगा, आणि ट्रेड्सवर विकलेलं बिल बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये येणं म्हणून परत दाखवू नका, नाहीतर निस्तरत बसाल.

एवढं करून मशीनला कर्ज लागणारच असेल तर बीईईची (केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था) अदिती योजना आहे, जुलै २०२५ मध्ये आलेली. सूक्ष्म-लघुला व्याजात ५ टक्के सूट, मध्यमला ३, पण किमान १० टक्के ऊर्जा बचत दाखवावी लागते. फौंड्री, फोर्जिंग, टेक्स्टाइल, फूड प्रोसेसिंग धरून १४ क्षेत्रं आहेत. पहिल्या टप्प्यात ६० क्लस्टरच (एकाच धंद्यातल्या कारखान्यांचे पट्टे) घेतलेत, म्हणून ऊर्जा ऑडिटरला पैसे द्यायच्या आधी योजनेच्या पोर्टलवर आपला क्लस्टर यादीत आहे का ते बघून घ्या.