पायमशीन (सोलापूर)

पायाने चालवायचे शिवणयंत्र. सोलापुरात मराठी घरांत त्याला ‘पायमशीन’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक ‘कुट्टु मिषन’, तर कन्नड भाषक ‘होलिगे मिषन’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत काळे बिडाचे हेड, लाकडी पाट आणि ओतीव लोखंडी स्टँड असलेल्या जुन्या यंत्रांचा विचार केला आहे.

शिवणयंत्राचा जनक कोण, हा वाद जुना आहे. चार्ल्स वायझेंथाल याने १७५५ मध्ये इंग्लंडमध्ये यंत्रासाठीच्या सुईचे एकस्व (पेटंट) घेतले, पण त्यात यंत्र नव्हते. टॉमस सेंट याच्या १७९० च्या एकस्वात आरीने भोक पाडून साखळीटाका घालणारे यंत्र रेखाटलेले आहे. ही रेखाचित्रे १८७० नंतरच्या दशकात न्यूटन विल्सन या शिवणयंत्र-उत्पादकाच्या नजरेस आली व त्याने त्यांवरून प्रतिकृती बनवली. ती चालावी म्हणून मूळ आराखड्यात फेरफार करावे लागले. त्यामुळे सेंटने स्वतः यंत्र चालवून पाहिले होते, असे त्या प्रतिकृतीवरून सिद्ध होत नाही. फ्रान्सच्या बार्तेलमी तिमोन्ये याने १८३० मध्ये एकस्व घेतलेली यंत्रे मात्र पॅरिसमध्ये लष्करी गणवेश शिवत होती. पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांनी ती फोडली. वॉल्टर हंट याने १८३४ च्या सुमारास टोकाशी नेढे असलेली सुई आणि धोटा (शटल) यांचा मेळ घातला, पण एकस्व घेतले नाही. ते १८४६ मध्ये एलियस हाऊ याला मिळाले. न्यायालयीन निकाल हाऊच्या बाजूने लागले असले, तरी दोन दोऱ्यांच्या टाक्याची मूळ कल्पना हंटची मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पायदानाचे श्रेय सर्रास आयझॅक सिंगर याला (एकस्व १८५१) दिले जाते. यंत्र ज्या खोक्यातून पाठवले जाई तेच खोके त्याने टेबल म्हणून वापरले आणि खाली पायदान जोडले, असे सांगतात. पण तिमोन्येचे यंत्रही पायानेच, दोरीच्या ओढीने चालत असे. लाकूड कातण्याचे चरक (लेथ) व सूतकताईची चाके तर त्याहून कितीतरी आधीपासून पायावर फिरत होती. तेव्हा सिंगरच्या नावावर पायदान नव्हे, तर टाच आणि चवडा आळीपाळीने दाबून जड चाक सलग फिरते ठेवणारी जोडणी टाकावी, हे बरे. सोलापूरच्या वाचकाला हा भेद समजायला जड जाऊ नये. हातमागाच्या पावड्या दाबल्या की ताणा उघडतो आणि पाय उचलला की ती हालचाल तिथेच संपते. पायमशीनचे चाक मात्र पाय थांबला तरी क्षणभर फिरतच राहते. तिमोन्येचे यंत्र पावडीच्या कुळातले, सिंगरचे चाकाच्या.

भारतात सिंगर यंत्रांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी प्रतिनिधीच्या काळात झाला. हप्त्याने विक्रीची पद्धत कंपनीने १८५६ पासूनच रुळवली होती. सोलापूरला रेल्वे १८६० च्या सुमारास पोहोचली आणि पहिली कापडगिरणी (आजही लोकांच्या तोंडी ‘जुनी मिल’) १८७७ मध्ये निघाली. येथील प्रसार गिरणीनंतरच्या काळातला धरावा. यंत्रोद्योगाविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राचा अपवाद केला होता, ही बाब खादीच्या दिवसांत घरोघरच्या पायमशीनला नैतिक बळ देणारी ठरली असावी. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची ‘उषा’ १९३४–३५ पासूनची. लुधियानाच्या कारखान्यांनी पुढे हीच रचना स्वस्त केली.

कालनिश्चिती : ‘आजीच्या लग्नातले’ ही तारीख खरेदीची असते, बनावटीची नव्हे, यंत्र तेव्हाच जुने असू शकते. हेडच्या बैठकीवरील क्रमांक हा अधिक भरवशाचा पुरावा. सिंगरच्या १९०० पूर्वीच्या क्रमांकांना आधी अक्षर नसते. पुढे एक व त्यानंतर दोन अक्षरे येतात. भारतात आढळणारी बरीच यंत्रे स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील कारखान्याची असून त्यांवर एफ, वाय किंवा ई-ने सुरू होणारी जोडी असते. तथापि सिंगरच्या नोंदवहीतील दिनांक क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला नेमून दिल्याचा आहे. यंत्र त्यानंतर काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही तयार झालेले असू शकते. निळ्या कडेचा ‘१८५१–१९५१’ बिल्ला सिंगरच्या शतकमहोत्सवी वर्षाच्या आसपासचा. क्रमांक झिजला असेल तर शटल पाहावी. होडीच्या आकाराची, आत लांब बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) असलेली शटल ही जुनी पद्धत. गोल बॉबिन केस असलेली, १८७९ मध्ये आलेली सिंगरची ‘पंधरा’ मालिका ही त्यानंतरची. मात्र दोन्ही प्रकार दीर्घकाळ बरोबरीने बनत राहिले, म्हणून शटलवरून केवळ अंदाज बांधता येतो. भारतीय बनावटीची बहुतेक काळी घरगुती यंत्रे ‘पंधरा’ रचनेची असल्याने त्यांच्या सुया व बॉबिनी आजही सहज मिळतात.

चालविणे : पायदानाचा दांडा आणि चाकाचा भुजा एका रेषेत आले की पायाचा जोर वाया जातो. अशा दोन जागा प्रत्येक फेऱ्यात येतात, म्हणून सुरुवात हाताने वरचे चाक स्वतःकडे फिरवून करतात. मोठे चाक एकदा फिरले की वरचे चाक साधारण चार-पाच वेळा फिरते. उलट फेरा पडला तर दोरा शटलमध्ये गुंतून तुटतो. नवशिक्याने चाकाजवळचा क्लच सैल करून, म्हणजे सुई न हलवता, नुसते पायदान लयीत आणावे. त्यानंतर दोरा न ओवता वहीच्या कागदावरील रेघांवर भोके पाडत जावे. ही रीत शिवणवर्गांत रूढ असून तिच्यापेक्षा चांगली दुसरी नाही. कापड नसताना फूट (कापड दाबून धरणारा भाग) खाली टाकून मशीन चालवू नये. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांनी फूट खरवडले जाते.

टाक्याचे गणित सुईच्या खालच्या टोकाशी सुटते. सुई तळ गाठून सुमारे दोन मिलिमीटर वर आली की मागे दोऱ्याचा फुगा तयार होतो आणि शटलचे टोक नेढ्याच्या किंचित वरून तो उचलते. सुई अर्धा मिलिमीटर खाली-वर बसली, वाकली किंवा उलटी बसवली की टाके सुटतात. दुरुस्तीसाठी आणलेल्या ‘बिघडलेल्या’ यंत्रांत पुष्कळदा दोष सुईचाच असतो. सुईवरील लांब खाच ज्या बाजूला, त्या बाजूने दोरा ओवायचा, एवढे ध्यानात ठेवले की मालिका कोणतीही असो, चूक होत नाही. कापडाखाली दोऱ्याची जाळी दिसली तर लोक बॉबिन तपासतात. कारण बहुधा वरच्या दोऱ्यात असते. फूट उचललेले असताना टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, तबकड्या उघड्या राहतात, म्हणून दोरा फूट वर ठेवूनच ओवावा. बॉबिन केस दोऱ्याने लोंबती धरून हलकेच झटका दिल्यावर थोडी खाली सरकून थांबली, तर खालचा ताण योग्य. टाका संपवताना दोरा ओढणारा दांडा सर्वांत वर हवा. टर्किश टॉवेलच्या कडा मुडपताना फुटाचा दाब कमी व टाका लांब ठेवावा. त्यामुळे टॉवेलवरील दोऱ्यांचे फासे दाबले जात नाहीत.

निगा : सोलापूरची कोरडी हवा गंजाच्या बाबतीत यंत्राला मानवते, धुळीच्या बाबतीत नाही. त्यात टॉवेल व चादरीच्या कामात सुताचा भुसा दात्यांखाली साचून नमद्यासारखा घट्ट बसतो आणि टाकलेले तेल शोषून घेतो. म्हणून आधी ब्रशने भुसा काढावा, मग तेल द्यावे. धातू धातूवर घासतो तिथे प्रत्येक भोकात एक-दोन थेंब पुरतात. स्टँडचे सांधे आणि पायदानाचे टोकदार आधार यांना विसरू नये. तेल मशीनचे, पातळ व स्वच्छच हवे. खोबरेल वा शेंगदाणा तेल काही महिन्यांत चिकट होऊन यंत्र जखडते. अशा वेळी रॉकेलचे थेंब सोडून चाक हळूहळू फिरवीत राहावे, मळ सुटला की पुसून मशीनचे तेल द्यावे. रॉकेल हेडच्या रंगावर सांडू देऊ नये. सोनेरी वेलबुट्टीवर स्पिरिट तर मुळीच लावू नये, कारण तिच्यावरचे लाखेचे रोगण त्यात विरघळते. गेलेली वेलबुट्टी परत येत नाही, आणि जुन्या यंत्राचे निम्मे देखणेपण तिच्यात असते.

पट्टा चामड्याचा, गोल, तारेच्या आकड्याने जोडलेला असतो. एप्रिल–मेच्या उन्हात पारा चाळिशीपार गेला की तो आकड्याजवळ तडकतो. पावसाळी दमटपणात सैल पडून चाकावर घसरतो. अशा वेळी तो थोडाथोडाच कापून पुन्हा जोडावा. फार ताणलेल्या पट्ट्याने पायदान जड होते व धारव्यांची (बेअरिंगची) झीज होते. पट्ट्याला तेल लागू देऊ नये. मशीन बरेच दिवस बंद राहणार असेल तर पट्टा चाकावरून उतरवून ठेवावा आणि फुटाखाली कापडाची घडी सरकवावी.